बियाण्याचा जोम आणि साठवण : सोयाबीनच्या अनुषंगाने

सन २०२० च्या खरीप हंगामात मराठवाडा व विदर्भ या भागांतून सोयाबीन पेरूनही उगवले नाही अशा तक्रारी फार मोठ्या प्रमाणावर आल्या. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत, पीक काढणीस आलेले असताना अवकाळी पाऊस झाला होता आणि उभ्या पिकातील शेंगा व शेतात रचलेल्या गंजी भिजल्या होत्या. पुढील हंगामाचे बियाणे बव्हंशी याच पिकातून निघावयाचे होते. तेव्हा बियाणे निकृष्ट निघण्यास कारण होते, हे उघड आहे. तथापि अशा तक्रारींच्या मागे एक पेच असतो, आणि तो एखाद्या हंगामापुरता मर्यादित नाही. पिशवीच्या चिठ्ठीवर किमान ७० टक्के उगवण नोंदलेली असते. प्रयोगशाळेत त्या लॉटचा नमुना तपासला तर तो पुष्कळदा ७० च्या वर उतरतोही. शेतात मात्र ओळीच्या ओळी रिकाम्या राहतात. शेतकरी बियाण्याला दोष देतो; विक्रेता पेरणीची खोली, अपुरी ओल किंवा पेरणीनंतरची पावसाची झड यांकडे बोट दाखवितो. या वादात दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. ते कसे, हे समजण्यासाठी उगवणशक्ती आणि जोम या दोन गुणांतील भेद स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे.

उगवणशक्तीची चाचणी ही मुळात अनुकूल परिस्थितीतील चाचणी होय. सोयाबीनच्या बाबतीत शुद्ध बियाण्यांतून ४०० दाणे घेऊन ते १००-१०० च्या चार आवृत्त्यांत वाळूत अथवा ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवितात. तापमान २५ अंश सेल्सिअस राखतात. पाचव्या दिवशी पहिली व आठव्या दिवशी अखेरची मोजणी करितात. या मोजणीत केवळ निरोगी व सर्वांगांनी पूर्ण अशी रोपेच धरली जातात. परिस्थिती अशी अनुकूल ठेवण्यामागे निश्चित हेतू आहे. फ्रीडरिख नोब्बे यांनी १८६९ मध्ये सॅक्सनीतील थारांट येथे बीजपरीक्षणाचे पहिले केंद्र काढले, तेव्हा व्यापारातील भेसळ व मृत बियाणे ओळखणे ही निकड होती. आणि दोन गावच्या दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत तर अशा परीक्षणाला व्यवहारात किंमत राहत नाही. निष्कर्ष जुळण्यासाठी परिस्थिती ठरीव हवी, आणि ठरीव परिस्थितींपैकी सर्वांत सोयीची ती उत्तम परिस्थिती. यास्तव उगवणीचा आकडा एवढेच सांगतो की, चाचणीच्या दिवशी, कोणतीही अडचण नसताना, शंभरांपैकी इतके दाणे रोप देऊ शकत होते. शेतात अडचण आली तर काय होईल, अथवा चार महिन्यांनंतर काय होईल, याविषयी तो मौन पाळतो.

ही उणीव फार लवकर ध्यानात आली होती. खुद्द नोब्बे यांनीच उगवणशक्तीहून निराळ्या अशा एका ‘उद्भवनशक्ती’चा उल्लेख केला होता. १९११ मध्ये जर्मनीतच हिल्टनर व इसेन यांनी तिच्यासाठी एक साधी परंतु मार्मिक चाचणी सुचविली. त्यांच्यापुढे फ्युझेरियम या बुरशीने ग्रासलेल्या धान्याच्या बियाण्यांचा प्रश्न होता. असे बियाणे ओल्या कागदावर ठीक उगवे, पण जमिनीतून वर येत नसे. त्यांनी दाण्यांवर विटांच्या भरड चुऱ्याचा सुमारे तीन सेंटिमीटर जाडीचा थर दिला. निरोगी अंकुर तो थर भेदून वर आले. रोगट व दुबळे अंकुर खालीच वाकडेतिकडे होऊन राहिले. आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघाची स्थापना १९२४ मध्ये झाली. १९५० मध्ये वॉशिंग्टन येथील त्याच्या परिषदेत ‘उगवण’ हा शब्द अनुकूल परिस्थितीतील चाचणीपुरता राखून ठेवावा आणि प्रतिकूल परिस्थितीतील कामगिरीसाठी ‘जोम’ हा स्वतंत्र शब्द वापरावा, असा विचार मांडण्यात आला. तेव्हापासून जोम ही बीजविज्ञानातील एक रूढ संज्ञा झाली. तिची व्याख्या मात्र सैलच राहिली आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण जोम हा तापमानाप्रमाणे मोजता येणारा एकच गुण नसून उगवणीचा वेग, रोपांचा एकसारखेपणा, ताण सोसण्याची क्षमता आणि साठवणीत टिकण्याची क्षमता या अनेक गुणांचा समुच्चय आहे.

हे गुण एकत्र नांदतात याचे कारण बियाण्याच्या जीर्ण होण्याच्या क्रमात आहे. दाणा शरीरदृष्ट्या पक्व होतो त्या सुमारास त्याची गुणवत्ता सर्वोच्च असते. तेथून पुढे उतारच आहे. प्रथम पेशीपटलांची अखंडता ढळते. मग एंझाइमांचे कार्य व पेशींतील ऊर्जानिर्मिती मंदावते, झीज भरून काढण्यास अधिक वेळ लागतो, आणि म्हणून अंकुर उशिरा बाहेर पडतो. पाठोपाठ रोपांतील एकसारखेपणा नाहीसा होतो आणि थंडी, अतिरिक्त ओल किंवा बुरशी यांना तोंड देण्याची ताकद घटते. विकृत रोपांचे प्रमाण त्यानंतर वाढते. उगवणीचा टक्का सर्वांत शेवटी कोसळतो. म्हणजे ज्या गुणाची आपण चिठ्ठीवर नोंद करितो, तो या ऱ्हासाचा सर्वांत उशिरा जागा होणारा साक्षीदार आहे.

या विधानाला अंकांचा आधार देता येतो, आणि तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात एलिस व रॉबर्ट्‌स यांनी १९८० मध्ये बियाण्याच्या आयुर्मानाचे समीकरण मांडले. एका लॉटमधील दाणे एकदम मरत नाहीत; त्यांचे मृत्यू काळाच्या अक्षावर प्रसामान्य वितरणानुसार विखुरलेले असतात. त्यामुळे उगवणीचा टक्का काळासमोर मांडला तर आडव्या ‘एस’सारखा वक्र मिळतो : आरंभी जवळजवळ सपाट, मध्ये एकदम उतरता, शेवटी पुन्हा सपाट. तोच टक्का प्रॉबिट एककांत मांडला की वक्राची सरळ रेषा होते. या रेषेचा उतार पिकाची जात, दाण्यातील ओलावा आणि तापमान यांवर ठरतो. एकाच पिकाचे दोन लॉट एकाच कोठारात ठेवले तर दोघांचा उतार सारखाच. फरक असतो तो रेषेच्या आरंभबिंदूत. समीकरणातील हा आरंभीचा स्थिरांक म्हणजे लॉटची मूळ गुणवत्ता, आणि जोम या शब्दाने आपण ज्याचा निर्देश करितो त्याचे हे सर्वांत काटेकोर रूप म्हणावयास हरकत नाही.

आता उदाहरण घ्यावे. साठवणीच्या एका कालखंडात लॉटची गुणवत्ता एक प्रॉबिट घसरते असे समजू. ९९.९ टक्के उगवणीचा लॉट या घसरणीने ९७.७ वर येतो. दोन टक्क्यांचा फरक कोणाच्या नजरेसही भरणार नाही. तेवढ्याच काळात व तेवढ्याच घसरणीने ९७.७ चा लॉट ८४ वर येतो, आणि ८४ चा लॉट ५० वर. कोठार तेच, हवा तीच, काळ तोच. नुकसान एकाचे दोन टक्के, दुसऱ्याचे चौदा, तिसऱ्याचे चौतीस. सोयाबीनला लागू पडेल अशी अधिक वास्तव जोडी घेतली तर, जानेवारीत एका लॉटची उगवण ९२ व दुसऱ्याची ८८ टक्के भरली, असे मानू. चारशे दाण्यांच्या चाचणीत चार टक्क्यांचा हा फरक नमुन्याच्या यदृच्छेत मोडतो. परीक्षक दोन्ही लॉटना सारखेच मानतो. पेरणीपर्यंत दोहोंत ०.८ प्रॉबिटची घट झाली तर पहिला सुमारे ७३ वर थांबतो आणि दुसरा ६५ वर उतरतो. एक लॉट मानकाच्या वर, दुसरा खाली. येथे कोणी लबाडी केलेली नाही. दोन्ही लॉट वक्राच्या खांद्यावर होते, इतकेच. पण एक आतल्या बाजूस होता आणि दुसरा काठावर. जोमाच्या चाचणीचे काम हा काठ दाखविणे हे होय.

सोयाबीनमध्ये हा काठ इतक्या लवकर का येतो, याचे उत्तर दाण्याच्या रचनेत सापडते. या दाण्याचे टरफल पातळ असून मूलांकुर टरफलाच्या लगत खाली, जवळजवळ उघड्यावर असतो. ज्वारी-गव्हाच्या दाण्यात गर्भाला जसे संरक्षण असते तसे येथे नाही. सुमारे २० टक्के तेल आणि ४० टक्के प्रथिन असलेला हा दाणा काढणीच्या वेळी पावसात सापडला की आलटून-पालटून फुगतो व आक्रसतो. त्याने टरफलावर, विशेषतः नाभीच्या विरुद्ध बाजूस, सुरकुत्या व भेगा पडतात आणि बुरशीला वाट मिळते. मळणीयंत्राचे फेरे जास्त असले किंवा दाणा फार सुकलेला असला तर आघाताने तडे जातात. दाणा फार ओला असला तर तो ठेचला जातो. म्हणून १३ ते १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना कमी फेऱ्यांवर मळणी करण्याची शिफारस केली जाते. पोते उंचावरून आपटले तरी इजा होते, आणि ती डोळ्यांना दिसतेच असे नाही. आपल्या बीजप्रमाणनाच्या मानकांत गव्हाला किमान ८५ टक्के व ज्वारीला ७५ टक्के उगवण लागते, सोयाबीनला ७० पुरेशी धरली आहे. हा आकडा म्हणजे या दाण्याच्या नाजूकपणाची कायद्याने दिलेली कबुलीच होय.

यात सामाजिक बाजूही थोडी आहे. ज्वारी पेवात किंवा कणगीत भरावी आणि बियाण्यासाठी निवडलेली कणसे निराळी राखावीत, ही जाण महाराष्ट्राच्या कोरडवाहू घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. सोयाबीन येथे मोठ्या क्षेत्रावर पसरले ते गेल्या चार-पाच दशकांत. त्याच्या बियाण्याविषयी आजीकडून नातवाकडे आलेले असे ज्ञान घरात नाही, आणि ज्वारीचे पोते जसे हाताळले तसेच सोयाबीनचेही हाताळले जाते.

साठवणीत निर्णायक ठरणाऱ्या गोष्टी दोन : दाण्यातील ओलावा आणि तापमान. यांविषयी हॅरिंग्टन यांचे ढोबळ नियम प्रसिद्ध आहेत. ओलावा एक टक्क्याने कमी केला तर आयुष्य दुप्पट होते. तापमान पाच अंश सेल्सिअसने कमी केले तरीही ते दुप्पट होते. पहिला नियम साधारणपणे ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या मर्यादेत लागू धरावा. त्यानुसार १२ टक्क्यांवरचे बियाणे १० टक्क्यांपर्यंत सुकविले तर आयुष्य चौपट व्हावे. प्रत्यक्षात आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, परंतु दिशा अचूक आहे. प्रमाणनाच्या मानकांत सोयाबीनला साध्या पिशवीत १२ टक्के आणि बाष्परोधक वेष्टनात ७ टक्के ओलाव्याची कमाल मर्यादा आहे. या दोन आकड्यांतील अंतराचे कारण असे की, तागाच्या पोत्यातील दाणा हवेशी सतत देवघेव करीत असतो, तर बंद वेष्टनात आत राहिलेला ओलावा बाहेर जाऊ शकत नाही. तेलबियांच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. तेल पाणी धरीत नाही. म्हणून १२ टक्के ओलाव्याच्या सोयाबीनमध्ये तेलरहित भागातील ओलावा १२ पेक्षा बराच अधिक असतो. गव्हाला जो ओलावा सुरक्षित, तो सोयाबीनला नाही.

विदर्भ-मराठवाड्याच्या हवेत ऑक्टोबर ते जून हा साठवणीचा काळ दोन भागांत पडतो. थंडीचे महिने बियाण्याला मानवतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या कोठारातील तापमान ४० अंशांच्या वर जाते. परंतु तेव्हा हवा कोरडी असते आणि दाणाही सुकलेला असतो, म्हणून हानी भीती वाटते तेवढी होत नाही. खरा घात होतो तो पावसाळ्याच्या तोंडाशी, जेव्हा उष्मा पुरता ओसरलेला नसतो आणि आर्द्रता चढू लागते. हंगामात न विकलेले बियाणे पुढील वर्षासाठी राखून ठेवावयाचे झाल्यास त्याला संपूर्ण पावसाळा या स्थितीत काढावा लागतो. सोयाबीनचे असे शिल्लक बियाणे वातानुकूलित कोठाराविना राखू नये, हेच शहाणपणाचे. २०२० नंतर उन्हाळी हंगामात बीजोत्पादन करण्याकडे कल वाढला, त्यामागेही साठवणीचा काळ आठ महिन्यांवरून काही आठवड्यांवर आणण्याचा विचार आहे. तो तर्काला धरून आहे. मात्र दाणे भरताना तापमान फार चढले तर दाणा बारीक राहतो व त्याची मूळ गुणवत्ताच घटते, हे विसरता कामा नये. रेषेचा उतार सौम्य करताना आरंभबिंदू खाली आणण्यात लाभ नाही.

जोम मोजण्याच्या अनेक चाचण्यांपैकी सोयाबीनसाठी सर्वाधिक प्रस्थापित झालेली चाचणी म्हणजे शीघ्र जीर्णनाची. अमेरिकेतील मिसिसिपी राज्य विद्यापीठात डेलूश यांनी १९६० च्या दशकात गवत व क्लोव्हरच्या बियाण्यांवर ती प्रथम अजमावली, आणि १९७३ मध्ये डेलूश व बास्किन यांनी तिचे सविस्तर विवेचन केले. तिचा मूळ हेतू शेतातील उगवणीचे भाकीत हा नव्हता. कोणता लॉट कोठारात टिकेल हे आधीच कळावे, एवढाच होता. पुढे असे दिसून आले की, जे लॉट या कसोटीस उतरतात तेच प्रतिकूल जमिनीतही अधिक चांगले उगवतात. साठवणक्षमता आणि शेतातील जोम ही एकाच मूळ गुणवत्तेची दोन रूपे आहेत, या विधानाला याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

चाचणीची रीत अशी. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डबीत ४० मिलिलिटर पाणी घालून त्यावर जाळीचा तबकडीसारखा ताट ठेवितात. त्यावर ४२ ग्रॅम सोयाबीन एकाच थरात पसरून डबी ४१ अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवितात. आतील आर्द्रता संपृक्ततेच्या जवळ जाते आणि दाण्यातील ओलावा वाढून २७ ते ३० टक्क्यांपर्यंत पोचतो. कोठारात महिनोन्‌महिने चालणारी झीज तीन दिवसांत उरकली जाते. नंतर हे दाणे नेहमीच्या उगवण चाचणीस लावितात. मूळ उगवण ९० असलेले दोन लॉट येथे उघडे पडतात : एकाची उगवण ८० च्या आसपास राहते, दुसऱ्याची ४० वर येते, असे प्रकार पाहावयास मिळतात. या चाचणीची खरी कसोटी तापमानाच्या काटेकोरपणात आहे. अंशाच्या काही दशांशांनी फरक पडला तरी निष्कर्ष बदलतो. म्हणून जीर्णनानंतर दाण्यातील ओलावा मोजून तो अपेक्षित मर्यादेत आहे की नाही, हे पाहिल्यावाचून निष्कर्ष ग्राह्य धरू नये. हा पडताळा वगळण्याची घाई करणाऱ्याने चाचणी न केलेलीच बरी.

विद्युत्‌वाहकतेची चाचणी निराळ्या अंगाने जाते. इंग्लंडमध्ये वाटाण्याचे उत्तम उगवणीचे बियाणे वसंतातील थंड व ओल्या जमिनीत कुजून जाई. मॅथ्यूज व ब्रॅडनॉक यांनी १९६० च्या दशकात असे दाखविले की, हे दाणे पाण्यात भिजविले असता त्यांतून साखर व क्षार अधिक प्रमाणात झिरपतात, म्हणजेच त्यांची पेशीपटले ढिली झालेली असतात. आणि झिरपलेली साखर जमिनीतील बुरशीला आमंत्रण देते. वजन केलेले ५० दाणे २५० मिलिलिटर निर्क्षारित पाण्यात २० अंशांवर २४ तास ठेवून त्या पाण्याची वाहकता मोजावयाची, की लॉटची प्रत कळते. सोयाबीनलाही ही चाचणी लागू आहे, परंतु एका सावधगिरीने. दाणा फार सुका असेल तर तो पाणी इतक्या वेगाने शोषतो की चांगली पटलेही फाटतात. म्हणून दाण्याचा ओलावा आधी १० ते १४ टक्क्यांच्या दरम्यान आणून घ्यावा लागतो. फुटके दाणे नमुन्यात आले तर वाहकता एकदम उसळते. ती दाण्यांच्या वार्धक्याची खूण नव्हे, मळणीयंत्राची होय.

जर्मनीतील लाकोन यांनी १९४० च्या दशकात विकसित केलेली टेट्राझोलियमची रंगचाचणीही उपयुक्त आहे. जिवंत ऊती या रंगहीन द्रव्याचे लाल फॉर्मॅझानमध्ये रूपांतर करितात; मृत ऊती पांढऱ्याच राहतात. ही चाचणी एका दिवसात होते आणि दाणा कोठे व कशाने दुखावला आहे तेही दाखविते. मात्र तिला सरावलेला डोळा लागतो. मक्यासाठी अलीकडे २० अंशांवर ६६ तासांनी किती दाण्यांचा मूलांकुर बाहेर आला एवढेच मोजण्याची चाचणी मान्य झाली आहे. झिजलेल्या दाण्याला दुरुस्तीस वेळ लागतो, या तत्त्वाचा तो सरळ उपयोग होय.

या सर्व चाचण्यांचे निष्कर्ष तौलनिक आहेत. शीघ्र जीर्णनानंतरची ६५ टक्के उगवण म्हणजे शेतात ६५ टक्के रोपे, असा अर्थ काढणे चूक ठरेल. जमिनीत वाफसा ठीक असेल, पेरणी ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल नसेल आणि पुढचे आठ दिवस पाऊस मर्यादेत राहिला, तर दुबळा लॉटही समाधानकारक उगवतो. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन ऊन पडले आणि काळ्या जमिनीवर पापडी धरली, म्हणजे मात्र फरक दिसतो : दले डोक्यावर घेऊन वर येणारा वाकलेला दांडा ती पापडी फोडू शकत नाही आणि मान मोडते. तोच लॉट शेजारच्या गावी, दोन दिवस आधी पेरला गेल्याने, उत्तम उगवलेला असतो. आरंभी उल्लेखिलेल्या वादातील दोन्ही पक्षांची बाजू अशी एकाच वेळी खरी ठरते. बियाणे मृत नव्हते. पण अडचण सोसण्याइतके सबळही नव्हते. प्रमाणनाच्या किमान मानकांत जोमाचा समावेश नसल्याने या दुसऱ्या अर्ध्या सत्याची नोंद कोठेच होत नाही. जोमाचा आकडा कायद्याने सक्तीचा करावा काय, हा प्रश्न वेगळा आहे. आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष पुरेसे जुळत नाहीत तोवर तसे करणे घाईचे होईल. बीजोत्पादकाने मात्र आपल्या कोठारातील लॉटचा क्रम लावण्यासाठी तिचा उपयोग आजच करावा : कोणते लॉट प्रथम विकावयाचे, कोणते शीतकोठारात हलवावयाचे आणि कोणते तेलगिरणीकडे पाठवावयाचे, हे तिच्यावरून ठरते.

शेतकऱ्याच्या अंगणात यांतील बहुतेक साधने नाहीत. तेथे गोणपाटावर १०० दाणे मांडून, गुंडाळी ओली ठेवून करावयाची उगवणीची चाचणी रूढ झाली आहे व ती चांगलीच आहे. ७० पेक्षा कमी दाणे उगवले तर हेक्टरी ७५ किलो हे नेहमीचे प्रमाण वाढवावे, असा सल्लाही तिला जोडून दिला जातो. परंतु ती अनुकूल परिस्थितीतीलच चाचणी आहे. तिच्या शेजारी एखाद्या पसरट घमेल्यात शेतातील माती घेऊन १०० दाणे चार सेंटिमीटर खोल टोकावेत, पाणी जरा जास्त द्यावे आणि किती रोपे, कितव्या दिवशी वर येतात ते पाहावे. गोणपाटावरील आणि घमेल्यातील आकड्यांत जितकी तफावत, तितका लॉट काठाजवळ. हिल्टनर-इसेन यांच्या विटांच्या चुऱ्याहून ही कल्पना फारशी वेगळी नाही. तुलना मात्र एकाच मातीत व एकाच वेळी लावलेल्या लॉटांपुरतीच धरावी.

वेळेचा हिशेब आधीच मांडलेला बरा. शीघ्र जीर्णनाचे तीन आणि त्यानंतरच्या उगवणीचे आठ असे अकरा दिवस लागतात. नमुना काढणे, पोचविणे व ओलावा तपासणे यांत आणखी काही दिवस जातात. पेरणीचा पाऊस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरला आणि बियाणे बदलण्यास दहा-बारा दिवसांची सवड हवी असली, तर नमुना मेच्या मध्यापर्यंत प्रयोगशाळेत पोचावयास हवा. जानेवारीत एकदा तपासलेल्या लॉटचाही नमुना तेव्हा पुन्हा काढावा लागतो, कारण मधल्या चार महिन्यांत तो वक्रावर कोठे सरकला ते जानेवारीचा आकडा सांगू शकत नाही.